स्क्रिप्टही तपासायला हवी

मा. संपादक,

गुणांची फेरतपासणी, निकालातले घोळ यांवर वाचकांची पत्रे येतच असतात. अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत मात्र आता एक नवा परीक्षक बसला आहे, त्याच्याबद्दल कुणी लिहिलेले दिसत नाही. तो म्हणजे शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला एकामागोमाग द्यायच्या आदेशांची फाइल. विद्यार्थ्याचा प्रोग्राम ती चालवते, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून बघते आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ छापते. वर्गभराचे काम चहा होईपर्यंत उरकते. याला माझी हरकत नाही. मी स्वतः सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहूनच पगार घेते. पण एकाच लॅपटॉपवर चाललेली स्क्रिप्ट सगळ्यांच्या माथी मारली जाते, ते खटकते.

माझा भाचा एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकतो. चतुर्थीच्या सुट्टीआधी त्याच्या सगळ्या बॅचला एका असाइनमेंटमध्ये शून्य पडले. ‘मावशी, उत्तर तर बरोबर येतंय, तूच बघ,’ म्हणून त्याने लॅपटॉप पुढे केला. उत्तर खरेच बरोबर होते. मग मी स्क्रिप्ट मागवली. पहिल्या ओळीत ‘/बिन/एसएच’, म्हणजे हे आदेश ‘एसएच’ नावाच्या शेलने (आदेश चालवणाऱ्या प्रोग्रामने) चालवावेत, आणि खाली चौकटी कंसातल्या तुलनेत बरोबरचे चिन्ह दोनदा, ==. सरांचा लॅपटॉप मॅक. मॅकवर ‘एसएच’ म्हटले की आतून बॅश नावाचे शेल चालते आणि बॅशला == चालते. लॅबमध्ये उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. तिथे 2006 पासून ‘एसएच’ म्हणजे डॅश हे दुसरे शेल, आकाराने लहान, वेगवान आणि पॉसिक्स या युनिक्ससारख्या यंत्रणांच्या सामाईक मानकाला धरून चालणारे. पॉसिक्समध्ये तुलनेला एकच = लागते. डॅशने ‘अनएक्स्पेक्टेड ऑपरेटर’ म्हणून कुरकुर केली, पण ते थांबले नाही. अट खोटी ठरल्यासारखे थेट ‘एल्स’मध्ये, म्हणजे ‘नाहीतर’च्या फांदीत शिरले आणि तिथे लिहिले होते ‘नापास’. कुरकुर पडद्यावर वाहून गेली, गुण फाइलमध्ये बसले.

हीच अट उलटी लिहिली असती, म्हणजे ‘एरर’ शब्द जुळला तर नापास, नाहीतर पास, तर सगळी बॅच पास झाली असती. चुकीचे प्रोग्रामसुद्धा. त्याची तक्रार घेऊन कुठला भाचा मावशीकडे येणार?

मडगावच्या बाजारात मासे तोलायच्या काट्यालाही वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. मुलांचे गुण तोलणाऱ्या स्क्रिप्टला काहीच लागत नाही.

== चे = केले म्हणजे भागले असेही नाही. ओळी मोजणारी ‘डब्ल्यूसी’ लिनक्सवर नुसता 3 देते, मॅकवर त्या 3 च्या आधी रिकाम्या जागा सोडते. अक्षरांनी तुलना केली की दोन्ही वेगळे, म्हणजे पुन्हा नापास. संख्या म्हणून केली की ठीक. ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या आदेशाने फाइल जागच्या जागी बदलायची तर मॅकवर बॅकअपसाठीची जोड द्यावीच लागते, भले ती रिकामी असो, लिनक्सवर ती लागत नाही. ‘कालची तारीख’ काढायचे पर्यायही दोन्हीकडे वेगळे. विंडोजवर संपादित केलेल्या फाइलच्या ओळीअखेर एक न दिसणारे अक्षर चिकटून येते, त्याने किती संध्याकाळी खाल्ल्या ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

यावर ‘सगळीकडे बॅशच वापरा’ हे ठरलेले उत्तर मिळते. कुठले बॅश? मॅकमधले 3.2 वर थांबलेले आहे. पुढच्या आवृत्त्यांना मुक्त सॉफ्टवेअरचा जीपीएल 3 हा परवाना लागू झाला आणि ॲपलने त्या घेतल्याच नाहीत. बॅश 4 मधल्या सोयी वापरल्या की मॅकवर स्क्रिप्ट कोसळते. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या यंत्रणेच्या मूळ संचात तर बॅश नसतेच. त्यापेक्षा साधे पॉसिक्स शेल लिहावे, छापायला ‘एको’ऐवजी ‘प्रिंटएफ’ हा आदेश वापरावा आणि ओळी क्रमाने लावण्याआधी (सॉर्ट) भाषेची सेटिंग ‘सी’ ठेवावी. ‘शेलचेक’ हे फुकट मिळणारे साधन असली == क्षणात पकडते. आणि स्क्रिप्टला स्वतःलाच त्रुटी आली तर तिने ‘नापास’ न छापता ‘तपासणी झाली नाही’ असे छापावे. ही तिसरी फांदी घालायला चार ओळी पुरतात, तरी ती क्वचितच दिसते.

भाच्याच्या बॅचची तपासणी पुन्हा झाली, गुणही मिळाले, ते सर भले म्हणून. पण हे एकेका शिक्षकाच्या भलेपणावर का सोडावे? तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात विद्यार्थ्याला बघता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. स्क्रिप्टने तपासलेल्या कामात स्क्रिप्ट, ती चालवली त्या यंत्रणेचे नाव आणि तिने छापलेल्या त्रुटींची फाइल हे तिन्ही उत्तरपत्रिकेचाच भाग धरावेत आणि फेरतपासणीच्या अर्जासोबत विद्यार्थ्याला द्यावेत. विद्यापीठाने येत्या सत्राआधी तसे परिपत्रक काढावे, ही विनंती.

– एक सॉफ्टवेअर टेस्टर, डिचोली