विषय: जिंकलेली स्लिप, बंद झालेलं दुकान आणि एक पौंड चौदा पेन्स

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख
(दुकानं बंद करणारा विभाग वेगळा असल्यास त्यांनाही प्रत द्यावी.)

ही माझी चौथी तक्रार. पहिल्या तीन इंग्रजीत होत्या, तिन्हींना तासाभरात अक्षरशः तेच उत्तर आलं. म्हणून ही मराठीत. मला नीट रागावता याच भाषेत येतं. भाषांतर तुम्ही करून घ्या, फक्त त्याचा खर्च माझ्या अडकवलेल्या ११९ पौंड ५० पेन्समधून कापू नका.

लंडनमधल्या हाउन्स्लोचं तुमचं पैजांचं दुकान सहा आठवड्यांपूर्वी शनिवारी संध्याकाळी सहाला कायमचं बंद झालं. त्या दुपारी मी तिथे पन्नास पेन्सवाली लकी फिफ्टीन लावली, म्हणजे चार घोड्यांवर मिळून पंधरा पैजा. साडेसात पौंड, रोख. चारातले तीन घोडे जिंकले, भाव ३-१, ४-१ आणि ६-१. शेवटचा वुल्व्हरहॅम्प्टनला रात्री दिव्यांच्या उजेडात पळाला, तोवर तुमचं शटर खाली. मिळायचे ते ११९ पौंड ५० पेन्स; हिशोबात तुम्ही पक्के आहात, तेव्हा फोड करून सांगत नाही.

सोमवारी शटरवर कागद होता, 'आमचं ॲप डाउनलोड करा'. मी दोन बस बदलून दुसऱ्या शाखेत गेलो. अख्ख्या दुकानात एकच मुलगा. काउंटर तोच सांभाळणार, जुगाराच्या मशीनवर डोकं आपटणाऱ्याला तोच शांत करणार आणि टॉयलेटची किल्लीही तोच देणार. त्याने स्लिप तीनदा स्कॅन केली आणि म्हणाला, "ते दुकान सिस्टिममधून निघालंय, हेड ऑफिसला फोन करा." त्याच्यावर माझा राग नाही. त्याचंही दुकान कधी निघेल, त्याला तरी कुठे माहीत आहे.

फोनवर कळलं की दुकानातल्या पैजा तुमच्याकडे नाहीत, आधी खातं उघडा. उघडलं. पासपोर्ट दिला, मोबाइलसमोर मान डावीकडे, उजवीकडे वळवून दाखवली. एकोणीस वर्षं मी त्या काउंटरवर हरत होतो, तेव्हा कुणी नावसुद्धा विचारलं नव्हतं. काउंटरवरच्या बाईंना बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते माहीत असायचं, पण आडनाव नाही. जिंकल्यावर मात्र मी कोण, याची तुम्हाला एकदम काळजी.

आता परवाचा फोन. एकेचाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक गृहस्थ आले, आवाज अगदी गोड. स्लिपचं विचारलं तर "केस संबंधित टीमकडे आहे." बरं. मग विचारलं, ॲपवर चेल्टनमच्या शर्यतीतल्या घोड्यावर दहा पौंड ईच-वे (दहा जिंकण्यावर, दहा पहिल्या काही नंबरांत येण्यावर) लावायला गेलो तर एक पौंड चौदा पेन्सच का घेतले?

"आमच्या ट्रेडिंग टीमने तुमच्या खात्याचा आढावा घेतलाय, सर."

"मी काय केलं?"

"तसं काही नाही, सर. हा व्यावसायिक निर्णय आहे."

"मी गेल्या महिन्यात एकशेसाठ पौंड जिंकलो म्हणून?"

"ते मला सांगता येणार नाही, सर."

"बरं, ते चौदा पेन्स कुठून आले?"

इथे ते खरंच थांबले. मग म्हणाले, "ते सिस्टिम ठरवते."

मी म्हटलं, मग मी तुमच्याकडे खेळू तरी काय? तर हा माणूस, आवाज तसाच गोड ठेवून, मला सांगतो, "स्लॉट्सवर तुमच्या खात्याला काहीही बंधन नाही, सर. पन्नास फ्री स्पिन्ससुद्धा पडून आहेत."

म्हणजे अभ्यास करून, सकाळचा भाव बघून घोडा लावला तर एक पौंड चौदा पेन्स. आणि डोकं बाजूला ठेवून ॲपवरच्या त्या स्लॉट मशीनची कळ दाबत बसलो, तर कायद्याने चालतात तेवढे पाच पौंड, दर अडीच सेकंदांनी, खुशाल. मी त्यांना हे मोठ्याने म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "आणखी काही मदत करू शकतो का, सर?"

कोणाची पैज घ्यायची हा तुमचा हक्क, हे मला पाठ आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने २०१४ पासून बुकींना किमान रकमेपर्यंत घोड्यांच्या पैजा घ्यायला लावलं, इथे तसं काही नाही. पण मग स्वतःला बुकी म्हणवू नका. माझे वडील महालक्ष्मीला बुकींच्या रिंगमध्ये उभे राहायचे. तिथला बुकी शिव्या घालायचा, पण घालता घालता पैसे मोजून द्यायचा.

तुमच्या देशात ही दुकानं १ मे १९६१ला कायदेशीर झाली. महाराष्ट्र दिनाच्या बरोबर पहिल्या वाढदिवसाला, म्हणून माझ्या लक्षात आहे. २०१९मध्ये दुकानातल्या जुगाराच्या मशीनवर एका डावाची मर्यादा शंभर पौंडांवरून दोनवर आली तेव्हा तुमच्या धंद्याने केवढा टाहो फोडला. तेव्हा आठ हजारांवर दुकानं होती, आता सहा हजारही नाहीत. गिऱ्हाईक येत नाही म्हणता. शर्यतींच्या पेपरची पानं लावायच्या भिंतीवर तुम्ही मशीनच्या जाहिराती टांगल्यात, दोन खुर्च्या होत्या त्याही काढल्यात. गिऱ्हाईक येऊन उभं कुठे राहणार?

असो. मुद्दा ११९ पौंड ५० पेन्सचा आहे. आठ आठवडे पूर्ण होताच कागद लवादाकडे जातील आणि बर्मिंगहॅमला, जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनला प्रत जाईल. ते एकेकट्याचं भांडण सोडवत नाहीत हेही मला ठाऊक आहे, तरी पाठवणार. स्लिपची मूळ प्रत माझ्याकडेच राहील. फोटो चारदा पाठवलाय, पाचव्यांदा पाठवणार नाही. पैसे आले की खातंही बंद करा, फ्री स्पिन्ससकट.

आपला,
(एकोणीस वर्षांचा गिऱ्हाईक)

ता. क. तुमच्या दुकानातली छोटी निळी पेनं माझ्या कोटांच्या खिशांत निघाली. मोजली, सत्तावीस आहेत. ११९.५० मिळाले की परत करतो, शाखा शिल्लक असेल ती कळवा.