अंगठी मिळाली

हुपरी, सोमवार

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

कुरिअर पोचलं. बाबा पूजेत होते म्हणून तू घडवलेली ती एकमेकींत अडकलेल्या चार कड्यांची कोड्याची अंगठी आधी मीच पाहिली. चारही कड्या मोकळ्या केल्या आणि एकेकीचा सांधा शोधत बसले. एकीचा तेवढा लागला, तोही नख फिरवल्यावर. बाकीच्या तिघींचे सापडलेच नाहीत. लग्न होऊन आल्यापासून मी पैंजणाच्या कड्या झाळते आहे, अमोल. सांधा माझ्या नजरेतून सुटत नाही. तुझे सुटले.

पण कड्या परत एकत्र बसवणं मला जमेना. रात्री जेवणं झाल्यावर बाबा घेऊन बसले. दिवाळीत ते बोलले ते बोलले, पण त्या रात्री लाइट बंद करायला तयार नव्हते. चारही वळणं एकमेकांत जाऊन अखंड अंगठी झाली तेव्हा मला हाक मारली आणि म्हणाले, "वाक चांगले काढलेत." तुला फोन करून ते हे सांगणार नाहीत, म्हणून मी कळवते.

चिठ्ठीत लिहिलं आहेस की वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून काम करताना खिडकी लावून घेतोस. ते वाचल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही. खोली एवढीशी, त्यात तू रात्रीचा बसणार. सांधा जोडायला वितळवतोस तो डाख कुठला वापरतोस ते लिहिलं नाहीस. कॅडमियमचा डाख लवकर पाघळतो, सांध्यात पाण्यासारखा धावतो, म्हणून नवशिक्याला तोच आवडतो. चांदी वितळायला 962 अंश लागतात आणि कॅडमियम 767 लाच उकळतं. ज्योत जरा जास्त झाली की ते धूर होऊन नाकात जातं. तेव्हा काही कळतसुद्धा नाही. काही तासांनी कणकण येते, छाती भरते, माणसाला वाटतं हवा बदलली. युरोपात 2011 पासून दागिन्यांत आणि असल्या डाखात त्याच्यावर बंदी आहे. तात्यांच्या छातीचं तुला माहीत आहे. डॉक्टर नक्की कशानं ते सांगत नाहीत, पण तात्या कुठल्या खोलीत बसायचे ते मी पाहिलं आहे.

असो. मला अंगठीबद्दल लिहायचं होतं.

कड्या एकमेकींत अडकवूनच तोंडं झाळावी लागली असणार, म्हणजे एकीला ज्योत दिली की शेजारची तापणार. तिला गेरू कालवून लावला होतास ना? आम्ही साखळीला तेच करतो, म्हणजे डाख भलतीकडं धावत नाही. वळणं देताना तार मधेमधे लाल करून नरम केली होतीस हेही दिसतं, नाहीतर आतल्या बाजूला चीर गेली असती. तुर्कस्तानच्या नावानं ओळखतात ना असल्या अंगठ्या? बाबांनी विचारलं, चारांची झाली, मग सहांची होते का? त्यांनीच विचारलं, मी नव्हे.

तू आठवीत असताना बाबांना वहीवर गणित मांडून दाखवलं होतंस. आतला व्यास 17 मिलिमीटर, तार दीड मिलिमीटरची, तर साध्या वळ्याला 17 नाही, साडेअठराला 3.14 नं गुणायचं, 58 मिलिमीटर तार तोडायची. जाडी धरली नाही तर अंगठी बोटात जात नाही. बाबा नजरेच्या अंदाजानंच तोडायचे. दोघांच्या तारा शेजारी ठेवल्या तर सारख्याच भरल्या. तेव्हा बाबा आज्जीकडं बघून हसले होते. त्याच सुट्टीत जळलेल्या पंख्याची तांब्याची तार काढून तू शकूला अंगठी केलीस, तिचं बोट हिरवं झालं आणि तरी तिनं ती शाळा सुरू होईपर्यंत काढली नाही.

नोकरी सोडलीस त्यावर मी काही बोलणार नाही असं ठरवलं होतं. चांदी किलोला लाखाच्या वर गेली आहे, म्हणून एवढंच म्हणते की नवा घाट आधी पितळेत करून बघ. कानशीचा किस कागदावर धर, डबीत साठव. तो झाडताना तोंडाला फडकं बांध. गॅसची टाकी रात्री बंद करून झोप, तो गॅस जड असतो, जमिनीलगत साठून राहतो. झाळताना काळी पडलेली चांदी उजळायला तेजाब आणू नकोस, गरम पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड टाक, वेळ लागेल पण वाफ तरी छातीत जाणार नाही. आणि खिडकी उघड.

बघ, सल्ले देणार नाही म्हणत यादीच झाली. रागावू नकोस. तू आता मोठा आहेस, हे सगळं तुला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. पण तू बावीस हजारांच्या भाड्यात राहून रात्रीचं काय जेवतोस हेसुद्धा मी विचारत नाही, तर एवढं एक विचारू दे: डाख कुणाकडून घेतोस? दुकानदाराला बिनकॅडमियमचा म्हणून स्पष्ट सांग. तो "सगळे हाच नेतात" म्हणाला तर तिथून घेऊ नकोस. इथल्या ओळखीतून पट्टी पाठवते.

गुरुवारी शकूचा नवरा पुण्याला येतो आहे. त्याच्याकडं एक्झॉस्ट पंख्याचे पैसे देते. पंखा ज्योतीच्या पलीकडं बसवायचा, धूर तुझ्या तोंडावरून न येता पलीकडं ओढला गेला पाहिजे. तो बसवून देईल, त्याला नाही म्हणू नकोस. बाबांनी त्यांची तार ओढायची जंत्री फडक्यात बांधून ठेवली आहे, तीही त्याच्याबरोबर येईल. तिची बारीक बाजूची शेवटची दोन भोकं झिजली आहेत, ती वापरू नकोस असं सांगायला सांगितलं आहे.

तुझी,
आई