इंग्लंडमधल्या चिचेस्टर स्टेशनवर भेटलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघड लिहितेय. कुणीतरी वाचून तुमच्यापर्यंत पोचवेल.

त्या दुपारी ठरवलेली टॅक्सी आली नाही आणि मी आईवर उगाच चिडत होते. आमचं मराठी ऐकून तुम्ही थांबलात. "कुठं जायचंय तुम्हाला?" टँगमिअरचा जुना विमानतळ म्हटल्यावर एक शब्द न विचारता तुम्ही आईची व्हीलचेअर घडी करून डिकीत टाकलीत. रात्रपाळी करून घरी निघाला होतात, हे नंतर कळलं.

आई त्या विमानतळासाठी एवढी का हटून बसली होती, ते गाडीत नीट सांगता आलं नाही. बडोद्याला सुरसागरच्या काठी ती गाणं शिकली. त्या संस्थेचं मूळ म्हणजे सयाजीरावांच्या आश्रयानं १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ, आणि त्यांची थोरली लेक नूर. वीणा वाजवणारी, मुलांसाठी गोष्टी लिहिणारी. १६ जून १९४३ च्या रात्री ती टँगमिअरहूनच फ्रान्सला गेली, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची गुप्त रेडिओ ऑपरेटर म्हणून. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९४४ मध्ये, नाझींच्या डाखाउच्या छावणीत तिला मारलं. तिसाव्या वर्षी.

तिथल्या संग्रहालयात मला ऑगस्ट १९४० च्या बाँबहल्ल्याचे फोटो आणि १९५३ मध्ये ताशी ७२७ मैलांचा विक्रम करणारं लाल हंटर जेट विमान बघायचं होतं. आईला फक्त लायसँडरबद्दल, नूरला घेऊन गेलेल्या त्या छोट्या विमानाबद्दल, ऐकायचं होतं. तिथले वयस्कर स्वयंसेवक सांगत होते आणि तुम्ही वाक्यावाक्याला थांबून तिला मराठीत समजावत होतात: चांदणं असेल तेव्हाच उड्डाण, नदी बघत वाट काढायची, खाली शेतात टॉर्चचे तीन दिवे, बाजूला पक्की बसवलेली शिडी, माणसं उतरली की काही मिनिटांत परत. माझ्याच्यानं एवढा धीर धरवला नसता.

मग आईनं विचारलं, "तिनं वीणा नेली होती का बरोबर?" मला ओशाळल्यासारखं झालं. तुम्ही मात्र तो प्रश्न जसाच्या तसा त्या आजोबांना विचारलात. त्यांनी मान हलवली आणि आईचा हात बराच वेळ धरून ठेवला.

स्मृतिउद्यानात तुम्ही आम्हाला एकटं सोडलंत, तेही बरं केलंत. नंतर आईनं "विमान कुठल्या अंगाला गेलं असेल?" म्हटल्यावर व्हीलचेअर दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेनं वळवलीत. जुन्या धावपट्टीच्या जागेवर आता मोठमोठी काचघरं आहेत, त्यांत ढोबळ्या मिरच्या पिकतात. आई तिकडे बघत हळूच यमन गुणगुणू लागली. गेली दोन वर्षं, बाबा गेल्यापासून, तिनं सूर लावला नव्हता. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून मुद्दाम कळवतेय.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आई म्हणते, बडोद्याला याल तेव्हा आधी गायनशाळा दाखवीन, मग सेव-उसळ खाऊ घालीन. नक्की या.

तुमची,
बडोद्याची एक लेक