अण्णा, इथे कंडक्टर नसतो

बर्लिन, रविवार

ती. अण्णा आणि सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर तुमच्यातल्या जुन्या कंडक्टरनं विचारलं, की बसगाडीत कंडक्टरच नाही तर तिकीट फाडतं कोण, आणि फुकट्यांचं काय करतात. तेवढ्यात रेंज गेली. पण ते फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून आज सुट्टीचं बसून लिहितेय. अक्षर बारीक वाटलं तर दादाकडून वाचून घ्या.

इथल्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांना ना दार ना फाटक. सरळ जिना उतरायचा आणि गाडीत बसायचं, कुणी अडवत नाही. तिकीट यंत्रातून काढायचं आणि ते फलाटावरच्या छोट्या पेटीत सरकवून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर खिशातलं तिकीट तिकीट धरत नाहीत. मग कधीतरी साध्या कपड्यातली दोन-तीन माणसं डब्यात चढतात, दार बंद झालं की ओळखपत्र काढतात आणि तिकीट मागतात. नसेल तर ६० युरो दंड, म्हणजे आपले जवळपास सहा हजार रुपये. एका फेरीचं तिकीट चार युरोच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करा. स्वतःच्या नावाचा महिन्याचा पास असेल आणि घरी विसरला असेल, तर तो नंतर नेऊन दाखवायचा आणि ७ युरो भरायचे, विषय मिटला.

या शिक्क्यापायी मी एक प्रसंग पाहिला, तो आईला नक्की आवडेल. एक म्हातारं जोडपं, बाहेरच्या देशातून फिरायला आलेलं. दोघांच्या हातात नवी कोरी तिकिटं, पण शिक्का कुठाय? त्यांना ठाऊकच नव्हतं. तपासनीस दोघांचे मिळून १२० युरो मागत होता आणि आजोबा पुन्हा पुन्हा तिकीट पुढे करत होते. पैसे भरलेत, चोरी केलेली नाही, हे त्यांना कुठल्या भाषेत सांगावं ते कळत नव्हतं. समोर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन एक बाई बसली होती, इथलीच. ती तपासनिसाशी वाद घालून दमली. पुढचं स्टेशन आलं तशी उठली, आजोबांच्या हातातून दोन्ही तिकिटं घेतली, खाली उतरून फलाटावरच्या पेटीत खटाखट शिक्के मारले आणि दार मिटायच्या आत पुन्हा डब्यात. तिकिटं तपासनिसापुढे धरून म्हणाली, "आता बघा." सगळा डबा हसला. तपासनिसालाही हसू आवरेना. तिकिटांवर नजर टाकून पुढे गेला. नियमानं पाहिलं तर ते चुकीचंच होतं, अण्णा. पण डब्यात एकालाही ते चुकीचं वाटलं नाही, मलाही नाही.

प्रत्येक वेळी असं घडत नाही. डबा अर्धा रिकामा असला तरी तपासनीस आधी माझ्याकडे किंवा माझ्यासारख्याच सावळ्या माणसाकडे वळतात, हे मी इतक्यांदा अनुभवलंय की आता पास आधीच हातात धरून बसते. पास दाखवायला काहीच नाही, कुणी आधी दाखवायचा यातच सगळं आलं. एके दिवशी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ मागच्या बाकावरून हात वर करून ओरडले, "अहो, आधी इकडे या, तिच्यापेक्षा मी जास्त संशयास्पद दिसतो!" तपासनीस कानापर्यंत लाल झाला आणि खरंच आधी त्यांच्याकडे गेला. उतरताना मी त्यांचे आभार मानले. त्यांनी टोपी उचलली आणि गेले. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे मुद्दाम लिहिते, कारण आई नेहमी विचारते की तिकडे माणसं कशी आहेत.

आता फुकट्यांचं. तुम्हाला वाटेल दंड घेतला की संपलं. इथे विनातिकीट प्रवास हा फौजदारी गुन्हा आहे. कायद्याचं ते कलम १९३५ सालचं, हिटलरच्या राजवटीतलं, आणि ते अजून तसंच चालू आहे. पुन्हा पुन्हा सापडलं तर खटला होतो आणि न्यायालय वेगळा दंड लावतं. तो दंड भरता आला नाही तर त्याच्या बदल्यात तुरुंग. फेब्रुवारी २०२४ पासून या तुरुंगाचे दिवस निम्मे केलेत, तरी तुरुंग तो तुरुंगच. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो ६० युरो भरतो आणि विसरतो. ज्याच्याकडे नाहीत तो त्याच चुकीसाठी गजाआड बसतो. आणि त्याला तिथे एक दिवस ठेवायला सरकारचा जो खर्च होतो, तो त्यानं बुडवलेल्या तिकिटाच्या कितीतरी पट. हिशेबाच्या माणसाला हे पटेल का, तुम्हीच सांगा. तुम्ही तर वेबिलाच्या, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांच्या हिशेबात चार आण्याचा फरक आला तरी जेवत नव्हता.

या कलमावरून एक खटला झाला होता, तो ऐका. एक माणूस कोलोनहून फ्रँकफर्टला निघालेल्या वेगवान गाडीत बसला. डोक्यावर लोकरीची टोपी, आणि टोपीच्या घडीत चिठ्ठी खोचलेली: मी फुकट प्रवास करतोय. तिकीट तपासायला आल्यावर ती चिठ्ठी सगळ्यांना दिसतच होती. त्याचं म्हणणं असं, की कायदा लपूनछपून, फसवून प्रवास करणाऱ्याला शिक्षा करतो, मी तर डोक्यावर लिहून आलोय, मग फसवलं कुणाला? प्रकरण वरच्या न्यायालयापर्यंत गेलं. २०१५ मध्ये कोलोनच्या न्यायाधीशांनी त्याला दोषीच धरलं: गाडीत चढताना तू बाकीच्या प्रवाशांसारखाच चढलास, कर्मचाऱ्यांना आधी काही सांगितलं नाहीस. मी ही गोष्ट आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात सांगितली तेव्हा नर्स, डॉक्टर सगळे हसले. मलाही हसू आलं, पण त्या माणसाचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

याच शहरात उलटी गंमतही झाली आहे. जानेवारी २०१८ मध्ये इथल्या वाहतूक कंपनीनं आदिदासबरोबर एक बूट काढला. गाडीतल्या बाकांवर जे रंगीबेरंगी कापड असतं त्याच नक्षीचा, आणि बुटाच्या जिभेवर वर्षभराचं तिकीट शिवलेलं. किंमत १८० युरो, जोड फक्त ५००. वर्षाचा पास त्याच्या कितीतरी पट महाग, म्हणून लोक थंडीत रात्रभर रांगेत झोपले. त्या वर्षी तपासनिसांना तिकिटासाठी लोकांच्या पायांकडे बघावं लागलं. आमच्या वॉर्डातली एक सिस्टर हे सांगताना अजून डोळे पुसते, इतकी हसते.

पण मला खरं सांगायचंय ते आमच्या वॉर्डातल्या एका रुग्णाविषयी. नाव लिहीत नाही. साठीचे असतील, पायाला मोठी जखम, राहायला घर नाही. रिकाम्या बाटल्या गोळा करायचे. इथे प्लॅस्टिकची बाटली दुकानात परत दिली की २५ सेंट मिळतात, म्हणून पुष्कळ लोक बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता शेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे कुणाला डब्यात हात घालावा लागू नये. या गृहस्थांना तिकिटाच्या गुन्ह्यात तुरुंग झाला होता. न्यायालयाची पत्रं इथे पिवळ्या पाकिटातून येतात. ती एका ओळखीच्याच्या पत्त्यावर येत राहिली आणि यांनी एकही उघडलं नाही. गरिबांसाठी स्वस्त पास आहे, पण त्याला कागद लागतात, आणि कागद जपून ठेवायला आधी कपाट तरी पाहिजे ना, असं ते म्हणाले. मी विचारलं, पायीच का नाही जात? त्यांनी पांघरूण बाजूला करून पाय दाखवला.

मग स्वतःहून २०२२ च्या उन्हाळ्याची आठवण काढली. तेव्हा जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने सरकारनं साऱ्या देशात ९ युरोंत महिन्याचा पास दिला होता. नंतर मे २०२३ मध्ये नवा पास आला तो ४९ युरोंचा, २०२५ मध्ये ५८ झाला. "त्या तीन महिन्यांत मी समुद्र बघून आलो," ते म्हणाले. "एक तपासनीस आला, मी पास दाखवला, तो मला प्रवास सुखाचा होवो म्हणाला. मला वाटलं मागे कुणी उभं आहे." आणि पोट धरून हसले, पाय दुखेपर्यंत.

अण्णा, मला त्यांच्यापाशी उभं असताना तुम्ही सांगितलेला तो दहिवडीच्या गाडीतला मुलगा आठवला. पाचच्या आतलं पोर फुकट, म्हणून त्याची आई चार वर्षांचा सांगत होती, आणि पोरगं छाती काढून म्हणालं, "मी दुसरीत हाय!" गाडी हसली, ती बाई मान खाली घालून बसली. तुम्ही हाफ तिकीट फाडलंत आणि पैसे तुमच्या खिशातून पैशाच्या बॅगेत टाकलेत. वेबिल बरोबर आलं, नियम मोडला नाही, आणि त्या बाईला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. तुम्ही घरी आल्यावर ते पोरगं कसं बोललं तेवढंच सांगून हसत होतात. पैशाचं आम्हाला आईकडून कळलं.

इथे कंडक्टरच नाही, त्यामुळे असं करायला त्या जागी माणूसच नाही. पण लोकांनी वेगळी वाट काढली आहे. आर्ने सेमस्रॉट नावाच्या एका पत्रकारानं २०२१ मध्ये एक निधी सुरू केला. लोक देणग्या देतात, आणि त्या पैशातून तिकिटापायी तुरुंगात बसलेल्यांचा उरलेला दंड भरून त्यांना बाहेर काढतात. आतापर्यंत हजाराहून जास्त माणसं अशी सुटली आहेत. दंड भरण्यात बेकायदा काही नाही, आणि सरकारचे तुरुंगाचे दिवसही वाचतात. कायदा बदला हीच त्यांची मागणी आहे. डुसेलडॉर्फ, कोलोनसारख्या काही शहरांनी तर मध्यंतरी विनातिकीट प्रवाशांवर फौजदारी तक्रारच करायची नाही असं ठरवलं, दंड तेवढा घ्यायचा. बर्लिननंही ते करावं असं मला फार वाटतं.

मी या महिन्याच्या पगारातून त्या निधीला पैसे पाठवले. दरमहा थोडे पाठवणार आहे. घरी पाठवते त्यात काही कमी होणार नाही, हे आईला सांगा. तुम्हाला विचारून पाठवायचं होतं, पण तुम्ही नाही म्हणणार नाही याची खात्री होती.

आईच्या गुडघ्याला शेक चालू ठेवा. वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर तुमच्या हातानं लिहा, दादाकडून टाइप करून नको. आणि त्यात हे नक्की लिहा, की त्यानंतर कधी तुमच्या गाडीत पैसेच नसलेला माणूस चढला की तुम्ही काय करायचात. सगळ्यांचं तिकीट तुम्ही भरलं नसणार.

तुमची लेक