वाळवंटीच्या नौकांत लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींनाही जागा द्यावी

संपादक महोदय,

साखळीजवळच्या विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत होणारी नौकांची स्पर्धा गोव्यातल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पुठ्ठा, थर्माकोल, बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि विजेरीवरचे दिवे यांतून तरुण मंडळी जी जहाजे उभी करतात, ती पाहताना या भागात हाताचे कसब किती आहे याची खात्री पटते. या स्पर्धेला माझा आक्षेप मुळीच नाही. उलट तिच्यातच एक नवा विभाग सुरू व्हावा, आणि तो शिडांच्या जहाजांच्या प्रमाणबद्ध लाकडी प्रतिकृतींचा, त्यातही एकट्यादुकट्याने नव्हे तर गटाने मिळून घडवलेल्या प्रतिकृतींचा असावा, एवढी सूचना मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सजवलेली नौका एका रात्रीपुरती असते आणि ती काठावरून पाहिली जाते. तिचे पोट बरोबर वळले आहे की नाही, डोलकाठी योग्य जागी आहे की नाही, हे कोणी विचारत नाही आणि विचारण्याचे कारणही नाही. प्रमाणबद्ध प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भागाला मूळ जहाजातल्या मापाचा हिशेब द्यावा लागतो. जगभर या छंदात 1:48 हे माप जुने आणि प्रतिष्ठित मानले जाते, कारण फूट-इंचाच्या हिशेबात एका फुटाला पाव इंच हे सोपे पडते. आपल्या हाती मीटरपट्टी असताना 1:50 हे माप मला अधिक सोयीचे वाटते. मीटरला दोन सेंटिमीटर, की हिशेब संपला.

हा छंद एकट्याचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परदेशातून मागवलेला महागडा संच घ्यायचा, त्यातल्या तयार पट्ट्या चिकटवायच्या आणि दिवाणखान्यात ‘व्हिक्टरी’ किंवा ‘सांता मारिया’ उभी करायची, असेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे असते. असे संच हात बसवण्यासाठी चांगले असतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु तीन डोलकाठ्यांचे जहाज एका माणसाने संध्याकाळच्या फावल्या वेळात करायचे म्हटले, तर दोन-तीन वर्षे सहज जातात, आणि बहुतेक घरांत ते अर्धवट सांगाड्याच्या स्थितीत माळ्यावर पडून राहते. डिचोली तालुक्यातले आम्ही काही जण रविवारी एकत्र बसतो. त्यांत निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत, दारे-खिडक्या करणारे मेस्त आहेत, तंत्रनिकेतनात शिकणारी मुले आहेत आणि शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत, ज्यांच्याशिवाय आमच्या एकाही शिडाला नीट काठ लागला नसता. काम वाटले गेले की ते रेंगाळत नाही. आणि रेंगाळलेच तर विचारणारे कोणी तरी असते.

यातल्या काही कामांना दोन माणसे लागतातच. सांगाड्याच्या बरगड्यांवर लाकडी पट्ट्या चढवण्याचे काम पाहावे. मधल्या बरगडीचा एका बाजूचा घेर समजा 12 सेंटिमीटर आणि पट्टीची रुंदी 5 मिलिमीटर असेल, तर त्या बाजूला 24 पट्ट्या लागतात. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, हाच घेर 7 सेंटिमीटर भरतो आणि तेथेही त्याच 24 पट्ट्या सामावून घ्यायच्या असतात, म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाकडे तासत तीन मिलिमीटरच्या आत आणावी लागते. मूळ रुंदीच्या निम्म्याहून ती अरुंद होऊ द्यायची नाही. तशी वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या जागी एकच पुढे न्यायची, हा खऱ्या जहाजबांधणीतून आलेला संकेत आहे. एक पट्टी डाव्या अंगाला बसवली की दुसरी लगेच उजव्या अंगाला बसवायची, नाहीतर कणा पीळ खातो आणि मग ते जहाज कधीच सरळ होत नाही. गरम पाण्यातून काढलेली पट्टी वाकवून धरणारा एक आणि टाचण्या मारणारा दुसरा असला की अर्ध्या तासाचे काम दहा मिनिटांत होते. दोरांचेही तसेच. 25 मिलिमीटर जाडीचा खरा दोर 1:50 मापात अर्धा मिलिमीटर भरतो, आणि इतका बारीक, नीट पीळ असलेला दोर बाजारात क्वचितच मिळतो. तो स्वतः वळायचा तर एकाने आकडी फिरवायची आणि दुसऱ्याने ताण सांभाळायचा. काथ्या वापरावा असे आपल्याकडे पटकन सुचते, पण या मापाला त्याचे तंतू फार केसाळ दिसतात. मेण लावलेला दोराच बरा. तोही सुती असेल तर आपल्या पावसाळ्यात दमट हवेने आवळतो आणि नंतर सैल पडतो, म्हणून आम्ही पॉलिएस्टरचा दोरा वापरतो. जुन्या वळणाच्या छंदिष्टांना हे आवडत नाही, पण त्यांच्या शहरात गोव्याचा जुलै महिना नसतो.

लाकडाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. मोठ्या जहाजाला साग उत्तम, मात्र लहान मापात त्याच्या रेषा ढोबळ दिसतात, आणि मेस्तांना हे पटवून द्यायला वेळ लागतो. हळदूसारखे बारीक पोताचे लाकूड अधिक शोभते, आणि फर्निचरच्या कारखान्यातल्या टाकाऊ तुकड्यांतून एका प्रतिकृतीपुरते ते सहज निघते.

कोणती जहाजे करावीत, हा प्रश्न गोव्यात तरी पडू नये. गोवा शिपयार्डने नौदलासाठी बांधलेली ‘तरंगिणी’ 1997 मध्ये आणि ‘सुदर्शिनी’ 2012 मध्ये सेवेत दाखल झाली. ही दोन्ही तीन डोलकाठ्यांची, शिडांवर चालणारी प्रशिक्षण जहाजे आहेत. 54 मीटर लांबीची ‘तरंगिणी’ 1:100 मापाने 54 सेंटिमीटर होते, म्हणजे शाळेच्या कपाटात मावते. 1843 मध्ये दमणला पाण्यात उतरलेली आणि 1845 मध्ये गोव्याहून लिस्बनला निघालेली ‘दॉम फेर्नांदो दुसरा ए ग्लोरिया’ ही पोर्तुगीज फ्रिगेट, म्हणजे शिडांची युद्धनौकाही आहे. 1963 मध्ये ती आगीत जळाली, पुढे तिची पुनर्बांधणी झाली आणि आज ती लिस्बनसमोरच्या काठावर लोकांना पाहायला मिळते. या सगळ्यांहून जवळची गोष्ट दिवाडी बेटावर घडली. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून, कोणताही जुना आराखडा हाताशी नसताना, काथ्याने फळ्या शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ मे 2025 मध्ये कारवारला नौदलात सामील झाली. ती समुद्रात कशी वागेल याचा अंदाज घेण्यासाठी आधी आयआयटी मद्रासच्या मदतीने तिच्या लहान प्रतिकृतीची चाचणी घेण्यात आली होती. प्रतिकृती म्हणजे मुलांचे खेळणे, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे व्हावे.

परंतु माझा खरा ओढा आपल्या साध्या होड्यांकडे आहे: शिडावर माल वाहणारे पडाव, मचवे, फत्तेमाऱ्या आणि रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने मासेमारी करण्याच्या, शिवलेल्या होड्या. यांचे कागदावरचे आराखडे बहुधा नसतातच, कारण बांधणारे मेस्त डोळ्याच्या आणि हाताच्या मापाने काम करत. एकोणिसाव्या शतकात एडमाँ पारी या फ्रेंच नौसेना अधिकाऱ्याने आशियातल्या अशा अनेक नौकांची, त्यांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्याही, मापे घेऊन रेखाटने केली, आणि त्यावरून बनवलेल्या प्रतिकृती पॅरिसच्या नौसंग्रहालयात आहेत. आपल्या किनाऱ्यावर अजून ज्या जुन्या लाकडी होड्या माडांखाली झावळ्या टाकून ठेवलेल्या दिसतात, त्यांची मापे आपण का घेऊ नयेत? ओळंबा, मोजपट्टी, पुठ्ठ्याचे साचे आणि एक धीराचा माणूस, एवढ्यात काम भागते. दर अर्ध्या मीटरवर पोटाचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घेतला की घरी त्याचा आराखडा काढता येतो. फायबरच्या होड्या आल्या याबद्दल रापणकारांना दोष देण्यात अर्थ नाही; लाकडी होडीची डागडुजी त्यांनाच करावी लागते, आपल्याला नाही. पण होडी मोडीत निघण्याआधी तिची मापे घेणे आपल्या हातात आहे, आणि गटाने प्रतिकृती करायची ठरवली तर हे काम ओघानेच होते, कारण मापांशिवाय पहिली बरगडीसुद्धा कापता येत नाही.

म्हणून आयोजकांना विनंती अशी, की नव्या विभागात निदान तीन जणांचा गट असावा, प्रतिकृती लाकडी आणि ठरलेल्या मापाची असावी, आणि तिच्यासोबत आराखडा व मूळ नौकेची मापे जोडणे सक्तीचे असावे. स्थानिक नौका निवडणाऱ्या गटाला गुणांत झुकते माप मिळाले तर उत्तमच. या प्रतिकृती पाण्यात सोडू नयेत. त्या साखळीच्या रवींद्र भवनात आठवडाभर मांडाव्यात, म्हणजे शाळकरी मुलांना जवळून पाहता येतील आणि जुन्या जाणत्या मेस्तांना चुकाही दाखवता येतील. परीक्षकांमध्येही एक तरी होडी बांधणारा मेस्त असावा. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. या विभागाची घोषणा चतुर्थीनंतर करून काही उपयोग नाही. होड्या मोजण्याचे काम पावसाआधी उरकावे लागते आणि सांगाड्यावर पट्ट्या चढवण्यात अख्खा पावसाळा जातो, तेव्हा नियम एप्रिलच्या सुरुवातीलाच जाहीर व्हावेत. रविवारच्या बैठकीसाठी एखाद्या शाळेने आपली कार्यशाळा उघडून दिली, तर हत्यारे आमची आम्ही आणू.

आपला,
डिचोली येथील एक वाचक