आधी गाडी चालवून पाहा, मग पाना लावा

महोदय,

पंधरा वर्षं पुरी झालेल्या खासगी गाड्यांच्या फेरनोंदणीबद्दल आपल्या अंकात वाचकांची पत्रं येत आहेत. १ एप्रिल २०२२पासून चारचाकीची ही फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली, ती जड आहे हे मान्य. पण आमच्या पाटण तालुक्यात जुनी डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी, बाळगणाऱ्याचं खरं दिवाळं निघतं ते गॅरेजमधल्या अंदाजपंचे दुरुस्तीत. त्यावर कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. निवृत्तीनंतर गावातल्या गाड्या पाहतो. डोंगरातल्या वाड्यांवर दूध, रेशन, आजारी माणूस, बाळंतीण, सगळं या जुन्या गाड्यांतूनच खाली येतं. नवी गाडी घेणं तिथल्या माणसाला परवडत नाही. त्याच्या गाडीतली सर्वांत अवघड तक्रार म्हणजे हादरा. आवाज आला तर कान लावता येतो, तेल गळलं तर डाग दिसतो. हादरा मात्र सीटखाली जाणवतो आणि सुटतो भलत्याच ठिकाणाहून.

माझ्या पुतण्याची २००८ सालची गाडी घ्या. कराडकडे जाताना साठच्या पुढे काटा गेला की पायाखालचा पत्रा झणझणायचा. शहरातल्या एका गॅरेजने आधी इंजिन ज्यांवर टेकतं ते फाउंडेशन रबर बदलले, मग गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, मग दोन टायर. चाळीस हजारांच्या वर बिल झालं आणि हादरा उलट वाढला. या सगळ्यात कुणीही गाडी रस्त्यावर चालवून पाहिली नव्हती. पुतण्याला एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मी त्याला विचारलं, गाडी भरलेली असताना जास्त हादरते की रिकामी? तो म्हणाला, काका, दुधाचे कॅन भरले की जवळजवळ थांबतं. निम्मं निदान तिथेच झालं. टायर किंवा क्लच खराब असता तर माल भरल्यावर हादरा कमी व्हायचं कारण नव्हतं. मालासाठी त्याने मागच्या कमानपाट्यात (स्प्रिंगमध्ये) एक जादा पाटा घालून घेतला होता. रिकामी गाडी मागून उचललेली राहायची, प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब नळीचा, उतार वाढायचा आणि तिच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे कोनात फिरू देणारे सांधे, वाकड्या कोनात फिरायचे. माल भरला की गाडी खाली बसायची, कोन जागेवर यायचा.

क्रॉसचं गणित इथे सांगायला हवं. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पुढचा भाग एकसारखा फिरला तरी मागचा एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. म्हणून शाफ्टला दोन क्रॉस असतात, एकाने घातलेली चूक दुसरा काढतो. पण त्यासाठी दोघांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत हवेत. शाफ्टचे दोन भाग खाचांनी एकमेकांत सरकतात त्या स्लिप जॉइंटवर याच कामासाठी बाणाच्या खुणा असतात. पुतण्याच्या शाफ्टवरचा चिखल खरवडला तर बाण एकमेकांसमोर नव्हते. गिअरबॉक्स उतरवताना शाफ्ट वेगळा झाला आणि परत बसवताना खाचा चुकल्या. क्लच बदलल्यावर हादरा वाढला त्याचं कारण हे.

मागचा क्रॉस काढला. टोपीत ग्रीस नव्हतं, तांबडी कोरडी पूड होती. क्रॉसच्या बोटावर नीडल बेअरिंगच्या उभ्या रेघा उमटल्या होत्या, नख फिरवलं की अडकत होतं. दोन नवे क्रॉस, बाण जुळवले, जादा पाटा उतरवला. सगळं मिळून पाच हजारांच्या आत. आता शेजारची मंडळी मला जादूगार म्हणतात, ते मला आवडत नाही. यात जादू कसलीच नाही, विचारायचं आणि क्रमाने पाहायचं एवढंच आहे.

तो क्रम वाचकांच्या उपयोगाचा आहे. पहिला प्रश्न, हादरा इंजिनच्या फेऱ्यांबरोबर येतो की गाडीच्या वेगाबरोबर? गाडी उभी करून, गिअर न्यूट्रलला ठेवून रेस द्या. तेवढ्याच फेऱ्यांना तसंच थरथरलं तर इंजिन, नोझल, फाउंडेशन इथे शोधा. उभ्या गाडीत शांत असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला हादरते तोच वेग धरून एक गिअर खाली घ्या. इंजिनच्या फेऱ्या बदलल्या तरी हादरा तसाच राहिला, तर दोष गिअरबॉक्सनंतरच्या भागात, म्हणजे शाफ्टमध्ये किंवा चाकांत, आहे आणि क्लचला हात लावायचं काम नाही.

चाक आणि शाफ्ट यांतला फरक हाताला कळतो. २३५/७५ आर १५ टायरची गाडी ताशी ७० किलोमीटरने जाते तेव्हा चाक सेकंदाला साडेआठ-नऊ फेरे घेतं. मागच्या हाउसिंगचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीचं, गुणोत्तर चारास एकच्या आसपास असेल तर शाफ्ट त्याच वेळी पस्तीसेक फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष स्टिअरिंगला हेलकाव्यासारखा लागतो आणि शाफ्टचा दोष सीटला, पत्र्याला बारीक झणझणीसारखा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क-ड्रम पाहा. अॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल आणि सोडल्यावर जात असेल तर क्रॉस आणि फाउंडेशन.

पावसाळ्यानंतर आमच्याकडे निम्म्या गाड्यांच्या रिममध्ये आतून तांबडा चिखल वाळून बसलेला असतो. तो काढायच्या आधी एक रुपयाही खर्च करू नका. पावसाळ्यापूर्वी अंडरकोटिंग करणारे शाफ्टवरही फवारा मारतात, त्यानेही तोल जातो. शाफ्टच्या नळीवर चौकोनी चकचकीत डाग दिसला तर तिथलं बॅलन्सचं वजन गळून पडलेलं असतं.

फोर बाय फोरमध्ये पुढचा शाफ्ट असतो, म्हणून संशयितही वाढतात. पुढची चाकं शाफ्टला जोडणारे लॉकिंग हब लॉकमध्ये राहिले तर टू-व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट विनाकारण फिरतो. हब मोकळे करून चालवा. फरक पडला तर दोष पुढे आहे. आणखी एक सवय इथल्या चालकांनी मोडायलाच हवी. कुंभार्ली घाटात पाऊस लागला की डांबरी रस्त्यावरही लिव्हर फोरमध्ये टाकतात. ज्या गाड्यांत मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जुळणी, नाही, त्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि ते जमत नाही. गाडी आखडते, झटके देते, पुढे-मागे ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस आणि क्रॉस त्यात पिचतात. पुढे जुने आणि मागे नवे टायर असतील तर सरळ रस्त्यावरही तेच होतं. चिखल, खडी, ओढा, लिव्हर तिथे वापरावी.

हादऱ्याकडे दुर्लक्ष केल्याने जीवही जाऊ शकतो, म्हणून मला याची एवढी कळकळ आहे. वेगात असताना शाफ्टचा पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं. शेजारचा ब्रेकचा किंवा डिझेलचा पाइप त्याच्या तडाख्यात येतो. घाटात उतरताना हे झालं तर मागे बसलेल्यांचं काय होईल, ते सांगायला नको.

फेरनोंदणीला गाडी आणली की निरीक्षकांनी गाडीखाली वाकून शाफ्ट दोन्ही हातांनी एकदा पिळून पाहावा, पुढचा आणि मागचा. चाकांना उटी, म्हणजे दगड किंवा ठोकळा, लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून हे मिनिटात होतं, खटखट हाताला लगेच लागते. पाच हजार रुपये घेणाऱ्या खात्याकडून एवढी अपेक्षा वाजवी आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांत मुलं इंजिन खोलायला आणि जोडायला शिकतात. दोष असलेली गाडी रस्त्यावर नेऊन तिचं निदान कागदावर लिहायला लावणारं प्रात्यक्षिकही त्यांना भरपूर मिळावं.

आणि गॅरेजवाल्यांनी जॉबकार्डवर पाना लावण्यापूर्वी लिहून द्यावं: हादरा कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरला, भरलेली की रिकामी, चढावर की उतारावर, टू-व्हील की फोर-व्हील. मालकाला शेजारी बसवून गाडी चालवल्याशिवाय ही उत्तरं मिळत नाहीत. मालकानेही ती लिहून मागावीत आणि बदललेले जुने पार्ट ताब्यात घ्यावेत. असा कागद हातात असला तर दुसऱ्या मेकॅनिकला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि विनाकारण पार्ट बदलले गेले असतील तर तोच कागद जिल्हा ग्राहक आयोगासमोर ठेवता येतो.

— एक निवृत्त एसटी कारागीर, पाटण, जि. सातारा