कुंदा, गोळी मात्र सोडू नकोस

धरमपेठ, नागपूर

प्रिय कुंदा,

तुझा डेक्सा रिपोर्ट, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, नीट वाचला. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.७. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात, म्हणजे निदान बरोबरच आहे. हाडांसाठीची आठवड्यातून एकदाची गोळी बंद करून कांडवेलीचं, म्हणजे हाडजोडीच्या वेलीचं, चूर्ण सुरू करू का, असं तू विचारलंस. नको गं. जे काही घ्यायचं ते गोळीच्या जोडीला घे, आणि तेही डॉक्टरांना सांगून.

आपलं हाड जन्मभर झिजत असतं आणि नव्यानं भरत असतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक आटतं, मग हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा धाक जातो आणि भरण्याचं काम मागे पडतं. सोयाबीनमधली जेनिस्टीन आणि डेडझीन ही द्रव्यं (यांनाच आयसोफ्लेवोन म्हणतात) थोडीफार इस्ट्रोजेनसारखी वागतात, म्हणून हाडांसाठी लोकांची त्यांच्यावर एवढी भिस्त. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळी गेलेल्या बायकांना दोन वर्षं रोज ५४ मिलिग्रॅम जेनिस्टीन दिलं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वासोबत. त्यांची हाडांची घनता वाढली. पण २०११ साली अमेरिकेतल्या अभ्यासात रोज २०० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेवोन दोन वर्षं देऊनही हाडांची झीज थांबली नाही. शिवाय डेडझीनपासून इक्वॉल नावाचं जास्त प्रभावी द्रव्य आतड्यातले जिवाणू बनवतात, आणि ते जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. तेव्हा आयसोफ्लेवोनच्या महागड्या कॅप्सूल घेऊ नकोस. आपल्या विदर्भात सोयाबीनची शेतंच्या शेतं आहेत, पण बहुतेक माल तेलाच्या गिरणीत जातो. तू गव्हाच्या दळणात मूठभर सोयाबीन घालत जा, प्रथिनं तरी मिळतील.

कांडवेल माझ्या बाल्कनीच्या जाळीवर चढलीय, चौकोनी पेरांची, हिरवीगार. कच्ची चावली की घशाला खाज सुटते. मोडलेलं हाड तिनं लवकर जुळतं असं उंदरांत दिसलंय, पण माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. तेवढ्यावर तुझी कंबर मी कशी सोपवू?

आता संत्र्याचं. तू फोडीवरचे पांढरे धागे नखानं एकेक काढून टाकायचीस. हेस्पेरिडिन नावाचं द्रव्य नेमकं त्या धाग्यांत आणि सालीत भरपूर असतं. जपानमध्ये २००३ साली अंडाशय काढलेल्या, म्हणजे पाळी गेल्यासारखं इस्ट्रोजेन आटलेल्या, उंदरांना ते दिलं, तर त्यांच्या हाडांची झीज कमी झाली. उंदरांचंच आहे हे, पण धागे खायला काय जातं? खात जा.

माणसांवरचा मला सर्वांत भावलेला अभ्यास सुक्या आलुबुखाऱ्याचा, २०२२ सालचा, अमेरिकेतला. वर्षभर रोज ५० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा नग, खाणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडाची घनता टिकली. न खाणाऱ्यांची घटली. तुझी साखर काठावर आहे, म्हणून आधी विचारून घे.

गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घे आणि नंतर अर्धा तास आडवी होऊ नकोस, नाहीतर अन्ननलिकेला त्रास होतो. चहाही त्यानंतरच. ड जीवनसत्त्वाची तपासणी झाली का? रिपोर्टात दिसली नाही. झाली नसेल तर या आठवड्यातच करून घे आणि आकडा मला कळव.

तुझीच,
माधुरी